धमनीतला उजेड

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहर पोलिओच्या साथीने हादरले. साथरोगांसाठी असलेल्या ब्लेगडॅम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते आणि त्यांतल्या अनेकांचे श्वसनाचे स्नायूच लुळे पडत होते. श्वास चालू ठेवणारी मोठी लोखंडी टाकी रुग्णालयात एकच होती, आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रे. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचा पक्षाघात झालेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे. बायकार्बोनेट वाढले म्हणजे रक्त अल्कधर्मी झाले, असा त्याचा अर्थ लावला जात होता. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी मात्र उलट निदान केले. रुग्णाचा श्वास अपुरा पडतो आहे, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड रक्तात साचतो आहे आणि त्याला तोंड देण्यासाठी शरीर बायकार्बोनेट धरून ठेवते आहे. म्हणजे रक्त अल्कधर्मी नाही, आम्लधर्मी आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजला आणि इब्सेन खरे ठरले. २७ ऑगस्टला इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका अत्यवस्थ मुलीच्या श्वासनळीला छेद देऊन नळी घालायला लावली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरायला सुरुवात केली. मुलगी वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले.

आजचा अतिदक्षता विभाग या साथीतून उभा राहिला. रक्तातल्या वायूंचे मोजमाप ही रोजच्या उपचारांची गरज आहे, हेही तिथेच पटले. त्यानंतरची सत्तर वर्षे एका प्रश्नामागे गेली: हे मोजमाप सतत, क्षणाक्षणाला करता येईल का? त्याचे सर्वांत सुंदर उत्तर प्रकाशाने दिले. ते उत्तर कुठे चालले आणि कुठे अडले, हे या प्रकरणात पाहू.

तीन आकडे

रक्तातल्या वायूंची तपासणी म्हणजे मुख्यतः तीन आकडे. पहिला, धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब. निरोगी माणसात तो साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पारा असतो. दुसरा, कार्बन डायऑक्साइडचा दाब, ३५ ते ४५. तिसरा पीएच, म्हणजे सामू. तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. पहिला आकडा सांगतो की फुप्फुसे ऑक्सिजन आत घेत आहेत की नाही. दुसरा सांगतो की श्वास पुरेसा खोल आणि पुरेसा वेगाने चालला आहे की नाही. तिसऱ्यात फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि पेशींचा चयापचय या सगळ्यांचा हिशेब एकत्र येतो.

ही तपासणी हॉस्पिटलात ‘एबीजी’ या नावाने ओळखली जाते आणि ‘गॅस काय आला?’ हा राउंडवरचा नेहमीचा प्रश्न आहे. ती कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते, तिथली धमनी निवडली जाते. आधी दोन्ही धमन्या दाबून, मग करंगळीकडची सोडून पाहतात. तळहात पुन्हा लालसर झाला, तर एका धमनीला इजा झाली तरी हाताला रक्त मिळेल याचा अंदाज येतो. सिरिंजमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन असते. सुई धमनीत गेली की लालभडक रक्त आपल्याच दाबाने सिरिंजमध्ये चढू लागते. शिरेतून रक्त काढण्यापेक्षा हे बरेच जास्त दुखते. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तो लगेच काढून टाकावा लागतो, कारण बाहेरच्या हवेतले वायू रक्तात मिसळून आकडे बिघडवतात. नमुना फार वेळ पडून राहिला तर रक्तातल्या जिवंत पेशीच त्यातला ऑक्सिजन खाऊ लागतात. म्हणून तो घाईने यंत्रापर्यंत न्यायचा आणि इकडे मनगटावर काही मिनिटे घट्ट दाब धरून ठेवायचा.

यंत्र दोन-चार मिनिटांत कागद बाहेर काढते. त्यावरचे आकडे अचूक असतात, पण ते रक्त काढले त्या क्षणापुरतेच खरे असतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची नळी कफाने तुंबू शकते, एका बाजूचे फुप्फुस मिटू शकते, औषधाने श्वास मंदावू शकतो, आणि हे सगळे काही मिनिटांत घडते. दर सहा तासांनी एबीजी करणे म्हणजे चुलीवर दूध ठेवून सहा तासांनी एकदा स्वयंपाकघरात डोकावणे होय. वर उतू जाण्याआधीची हालचाल कधीच दिसत नाही.

ऑक्सिमीटर असताना आणखी काय हवे?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला पडणारच. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य पथके घरोघर गेली, तेव्हा तापमापक आणि ऑक्सिमीटर ही दोन साधने त्यांच्या हातात होती. बोटाला लावायचा तो छोटा चिमटा तेव्हापासून घराघरांत ओळखीचा झाला. त्यामागची कल्पना जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते किती शोषले जातात यावरून हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे ते कळते.

या साधनाने अगणित जीव वाचवले आहेत. पण त्याला मर्यादा आहेत आणि त्या नीट समजून घ्यायला हव्यात. ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० पर्यंत कोसळला तरी टक्केवारी साधारण ९७-९८ वरून ९० पर्यंतच उतरते. म्हणजे धोका बराच पुढे गेल्यावर आकडा बोलू लागतो. उलट बाजूला, दाब १०० असो की ४००, टक्केवारी शंभराच्या जवळच दिसते. रंगाचाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतली खरी टक्केवारी ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. सावळ्या कातडीच्या आपल्या देशाने ही गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड आणि पीएचबद्दल काहीच सांगत नाही. दम्यासारख्या जुन्या फुप्फुसविकाराचा रुग्ण ऑक्सिजनवर आहे, बोटावर ९६ दिसते आहे आणि आत कार्बन डायऑक्साइड ८० च्या वर चढून रुग्ण गुंगीत चालला आहे, असे घडू शकते. मेंदूच्या दुखापतीत तर हा वायू फारच मोलाचा. त्याचा दाब एका मिलिमीटरने बदलला की मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो.

सतत मोजमापाची गरज सर्वांत तीव्र आहे ती दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत. १९४० च्या दशकात अशा बाळांना काचपेटीत मुक्तहस्ताने ऑक्सिजन दिला जाई. त्याच काळात ही बाळे मोठ्या संख्येने आंधळी होऊ लागली. मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये जास्तीच्या ऑक्सिजनकडे बोट दाखवले आणि पुढे अमेरिकेतल्या चाचणीने ते सिद्ध केले. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. पुढे ऑक्सिजन फार आखडता घेतला, तर त्यानेही जीव आणि मेंदू धोक्यात येतात हे दिसले. इतक्या अरुंद वाटेवर चालायचे तर दाब सतत कळायला हवा. पण एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात रक्तच मुळी ऐंशी-नव्वद मिलिलिटर. प्रत्येक तपासणीला अर्धा-एक मिलिलिटर काढत राहिले तर तपासणीनेच बाळ पांढरे पडायचे.

विजेकडून प्रकाशाकडे

पहिली यशस्वी मोजमापे विजेने झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लेलँड क्लार्क रक्तात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र बनवत होते. त्यावरचा त्यांचा लेख संपादकांनी परत पाठवला. यंत्रातून बाहेर येणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब किती, हे मोजलेच नव्हते. ते मोजण्याचे साधनच नव्हते. क्लार्क यांनी ते तयार केले. प्लॅटिनमच्या टोकावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ताणायचा. त्यातून ऑक्सिजन आत येतो, टोकावर त्याचे रासायनिक रूपांतर होते आणि जेवढा ऑक्सिजन तेवढी वीज वाहते. १९५६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ओहायोतच रिचर्ड स्टो यांनी पीएच मोजणाऱ्या काचेवर रबराचा पापुद्रा चढवून कार्बन डायऑक्साइडचे मोजमाप शोधले. जॉन सेव्हरिंगहाउस यांनी त्यात बायकार्बोनेटचे द्रावण घालून ते स्थिर केले आणि पुढे तिन्ही मोजमापे एकाच यंत्रात बसवली. आजही प्रयोगशाळेतल्या यंत्रांचा गाभा बराचसा तोच आहे.

ही साधने धमनीत घालणे मात्र कठीण होते. क्लार्कचे टोक मोजता मोजता ऑक्सिजन वापरून टाकते, म्हणून भोवतीचे रक्त सतत हलते राहावे लागते. तीन वेगवेगळी टोके एका सुईत मावत नाहीत. शिवाय रुग्णाच्या वाहत्या रक्तात विजेची जोडणी ठेवणे कुणालाच आवडत नाही.

प्रकाशाची वाट जुनी होती. १९३० च्या दशकात जर्मनीत हान्स काउत्स्की यांनी दाखवले होते की प्रकाश टाकल्यावर स्वतः चमकणारी काही रंगद्रव्ये ऑक्सिजनच्या सान्निध्यात मंदावतात. चमकणारा रेणू प्रकाश शोषून ऊर्जावान झालेला असतो. तेवढ्यात ऑक्सिजनचा रेणू त्याला येऊन धडकला तर ती ऊर्जा प्रकाश न होता ऑक्सिजनकडे जाते. जितका ऑक्सिजन जास्त, तितकी चमक कमी. हे नाते किती नेमके आहे, ते मांडणारे समीकरण ऑटो स्टर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्येच दिले होते. डॉर्टमुंडच्या माक्स प्लांक संस्थेत डीट्रिख ल्युबर्स आणि नॉर्बर्ट ओपिट्झ यांनी १९७५ मध्ये या तत्त्वावर रक्तवायूंचा संवेदक उभा केला. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन पीटरसन यांनी प्लास्टिकच्या प्रकाशतंतूंच्या टोकाला फिनॉल रेड बसवून पीएच मोजला. आम्ल-अल्काचा फरक रंग बदलून दाखवणारे हे रंगद्रव्य.

तंतूच्या टोकाला काय असते?

केसापेक्षा थोडा जाड असा एक काचेचा तंतू डोळ्यांसमोर आणा. त्याच्या टोकावर सिलिकॉनचा इवलासा थेंब आहे आणि त्यात रुथेनियम धातूचे एक संयुग मिसळले आहे. मॉनिटरकडून निळा प्रकाश तंतूतून येतो, संयुग तो शोषून नारिंगी-तांबडा प्रकाश परत सोडते आणि तोच तंतू तो मागे घेऊन जातो. रक्तातला ऑक्सिजन सिलिकॉनमधून सहज आत झिरपतो आणि चमक मंद करतो. सुधारित पद्धतीत चमक किती तेजस्वी आहे हे न पाहता ती किती वेळ टिकते हे पाहतात. तंतू वाकला, दिवा थोडा मंदावला किंवा रंग थोडा झिजला, तरी टिकण्याचा वेळ सहसा बदलत नाही. शिवाय या मोजमापात ऑक्सिजन खर्च होत नाही. धडक दिलेला रेणू पुन्हा मोकळा होतो.

पीएचसाठी दुसऱ्या तंतूवर वेगळे रंगद्रव्य असते. रक्त आम्लधर्मी की अल्कधर्मी यानुसार ते कोणत्या रंगाचा प्रकाश जास्त शोषते, ते बदलते. दोन वेगळ्या रंगांचे प्रकाश टाकून मिळणाऱ्या चमकीचे गुणोत्तर काढले की पीएच कळतो. गुणोत्तर असल्यामुळे दिव्याच्या चढउताराने फसगत होत नाही. कार्बन डायऑक्साइडसाठी हेच रंगद्रव्य बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवून वर सिलिकॉनचा पापुद्रा चढवतात. तो वायूला आत सोडतो, आम्लाला सोडत नाही. आत आलेला वायू पाण्यात विरघळून आम्ल तयार करतो आणि रंगद्रव्य ते दाखवते. सेव्हरिंगहाउस यांची युक्तीच इथे विजेऐवजी प्रकाशाने वाचली जाते. सोबत तापमान मोजणारी बारीक तार असते, कारण तापमान एका अंशाने बदलले तरी रक्ताचा पीएच सुमारे ०.०१५ ने सरकतो.

शरीराचा विरोध

१९८० च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने असे तीन तंतू आणि तापमानाची तार एकत्र बांधून मनगटाच्या धमनीतल्या नेहमीच्या नळीतून आत सरकवले. १९९० च्या दशकात ब्रिटनमधून ‘पॅराट्रेंड ७’ आले. सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा, हेपरिनचा लेप दिलेला हा संवेदक होता. त्याचेच छोटे भावंड ‘निओट्रेंड’ नवजात बाळाच्या नाळेच्या धमनीतून घालता येई. प्रयोगशाळेतल्या भांड्यात ही साधने उत्तम चालत. सतत आकडे, रक्त न काढता. डॉक्टरांना हवे होते तेच.

रुग्णाच्या हातात मात्र ती अनेकदा चुकत आणि चुकण्याची कारणे रसायनशास्त्रात नव्हती. धमनीत परकी वस्तू आली की रक्त तिच्यावर गोठायला लागते. टोकावर रक्ताच्या गुठळीची बारीक टोपी चढते. त्या टोपीतल्या जिवंत पेशी ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. संवेदक मग रुग्णाच्या रक्ताचे नव्हे, त्या टोपीचे आकडे दाखवतो: ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. मनगट वाकले की टोक धमनीच्या भिंतीला टेकते आणि भिंतीतल्या पेशींचा कमी ऑक्सिजन मोजतो. रक्तदाब कोसळला, हात गार पडला की धमनीतला प्रवाह मंदावतो. म्हणजे रुग्ण जेव्हा सर्वांत अत्यवस्थ, नेमका तेव्हाच आकडा सर्वांत कमी विश्वासाचा. शिवाय त्याच नळीतून रक्तदाब मोजायचा, रक्तही काढायचे, आणि एका रुग्णासाठी वापरून फेकायचा संवेदक महाग. याच काळात रुग्णाच्या खाटेशेजारीच दोन मिनिटांत गॅस देणारी हातातली यंत्रे आली. धमनीतले संवेदक बाजारातून हळूहळू नाहीसे झाले.

रक्त शरीराबाहेर येते तिथे

हीच साधने एका ठिकाणी मात्र पक्की रुजली: हृदयाच्या शस्त्रक्रियेत, हार्ट-लंग मशीनवर. तिथे रुग्णाचे सगळे रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून यंत्रात येते, ऑक्सिजन घेते आणि परत जाते. नळी रुंद, प्रवाह जोरदार, टोक टेकायला भिंत नाही. आणि रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला आधीच वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे ३०० ते ४०० युनिट हेपरिन दिलेले असते. मनगटात ज्या ज्या कारणांनी संवेदक हरला, ती सगळी कारणे इथे आधीच दूर झालेली असतात.

हे यंत्र चालवणाऱ्या परफ्युजनिस्टच्या समोरच्या पडद्यावर पीएच, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे आकडे काही सेकंदांनी बदलत राहतात. कार्बन डायऑक्साइड चढू लागला तर परफ्युजनिस्ट वायूचा प्रवाह वाढवतो, ऑक्सिजन जास्त झाला तर मिश्रणातले प्रमाण कमी करतो. रुग्णाचे अंग थंड केले जाते आणि पुन्हा ऊब दिली जाते, तेव्हा हे आकडे झपाट्याने हलतात. दर अर्ध्या तासाने येणारा प्रयोगशाळेचा कागद तिथे कामाचा नसतो. तरीही अधूनमधून रक्ताचा नमुना काढून संवेदक त्याच्याशी ताडून घेतला जातो. प्रकाश कल सांगतो आणि प्रयोगशाळा तो पक्का करते. ही जोडी आजवरची सर्वांत विश्वासाची पद्धत आहे.

दुसरी वाट कातडीवरून जाते. कातडी ४२ ते ४४ अंशांपर्यंत ऊबदार केली की तिच्याखालच्या केशवाहिन्या फुलतात आणि त्यांतले वायू बाहेर झिरपतात. जर्मनीत रेनाटे आणि आल्बर्ट हुख यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत नवजात बाळांसाठी वापरात आणली. आता कातडीवरचा ऑक्सिजन चमकीच्या तत्त्वाने मोजणारे संवेदकही वापरात आहेत. बाळाला सुई टोचावी लागत नाही. फक्त भाजू नये म्हणून काही तासांनी जागा बदलत राहावी लागते.

या सगळ्या प्रवासाचा निवाडा स्पष्ट आहे. चांगला संवेदक म्हणजे फक्त अचूक रसायन नव्हे. तो ज्या जागी ठेवायचा, त्या जागेने त्याला स्वीकारले पाहिजे. धमनीने तंतू नाकारला, यंत्राच्या नळीने आणि कातडीने स्वीकारला. पुढचे संशोधन रक्त गोठू न देणाऱ्या पृष्ठभागांवर होईल, तेव्हाच धमनीची वाट पुन्हा उघडेल.

तोपर्यंत वाचकाने एवढे लक्षात ठेवावे. आपले माणूस अतिदक्षता विभागात असेल तर एकट्या आकड्याने घाबरू नका आणि एकट्या आकड्याने निश्चिंतही होऊ नका. डॉक्टरांना विचारा, ‘कालपासून गॅस कुठल्या दिशेने चालला आहे?’ आणि घरी ऑक्सिमीटर ९६ दाखवत असला, पण रुग्ण गुंगीत असेल, उठवून उठत नसेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर बोटावरच्या आकड्याकडे पाहत बसू नका. त्याला लगेच हॉस्पिटलात न्या.